सोयरिकीत हेच सांगा

"इकडे दे तो मोबाईल," म्हणत दादाने माझ्या मुलीच्या हातून मोबाईल ओढला. ती अकोल्याच्या सरकारी कॉलेजातली कृषी अभियांत्रिकीची जागा स्वीकारत होती. पुण्याच्या खासगी कॉलेजात तिला कॉम्प्युटर मिळत होतं.

"ट्रॅक्टरच चालवाचा होता तर बारावी कावून केली? सोयरिकीत लोकं पहिले ब्रांच विचारतात. आमी काय सांगाचं?"

दादा माझा मोठा भाऊ. शेंदूरजनाघाटला त्याचा संत्र्याचा व्यापार आहे.

मुलगी म्हणाली, "मामा, तुमची संत्री निवडाची मशीन बंद पडली का तुमी कोनाले बोलावता?"

"नागपूरच्या इंजिनिअरले."

"तो मांगते तितके पैसे देता?"

"द्यावेच लागते. इकडे माल सडून राहते ना!"

"मंग मी तेच काम शिकाले चालली. सोयरिकीत हेच सांगा."

"समजव इले," दादा माझ्याकडे वळून म्हणाला. मी त्याच्या हातातला मोबाईल घेतला आणि तिला दिला.

अमरावतीत आमच्या गल्लीत कॉम्प्युटर सोडून दुसरी शाखा म्हटली की लोक सांत्वन करायला येतात. येऊ देत. अकोल्याची फी माझ्या एकटीच्या पगारात बसते. पुढे तिला काम मिळेल आणि त्याचे पैसेही चांगले मिळतील, हे दादाच्याच तोंडून ऐकलं. लग्न ठरायचं तेव्हा ठरेल.

तुमच्या घरी मुलीची शाखा कोण ठरवतं, ती की तिची अजून न आलेली सासरची माणसं?

हे सगळं काल संध्याकाळी झालं. आज सकाळी तिने फी भरून अकोल्याची जागा पक्की केली. दादा चहा न घेताच एसटी स्टँडवर गेला.