तळ बघणारे मामा

भंडाऱ्याच्या कॉलेजातली माझी भांडी धुण्याची नोकरी प्रयोगशाळेतल्या मामांमुळे टिकली, हे आधी सांगते. एकोडी गावचे हे मामा, तिथले जुने शिपाई, चहाचा कप विसळतानाही आधी त्याचा तळ बघत.

रसायनशास्त्राच्या सरांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं पाडून, विजेच्या जोरावर त्यांत प्लॅटिनम भरलं होतं. महिनाभराचं काम. तो पत्रा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवून, "लक्ष ठेव" म्हणून ते वर्गावर गेले. सातवीत शाळा सुटलेली मी बघत बसले, तर पत्रा फसफसत चक्क विरघळून गेला. खाली उरला काळा गाळ. नोकरी गेली तर मालवणला कुठल्या तोंडानं परतू? भीतीनं मी ते भांडं मोरीत रिकामं करायला उचललं.

मामांनी मनगट धरलं. "काहून फेकून राहिली?"

"मामा, पत्रा गेला."

"जायसाठीच होता तो. धान कांडलं का कोंडा जाते, तांदूळ राह्यते. हे काळं आहे ना, तेच प्लॅटिनम."

मी ते फेकायला निघाले होते, हे मामांनी सरांना कधीच सांगितलं नाही. आता भांडं ओतण्याआधी मीही त्याचा तळ बघते. मामांनी समुद्र पाहिलेला नाही. एक दिवस मी त्यांना आमच्या गावी नेऊन तो दाखवणार आहे.