चर्चच्या कीर्तनातली माझी पेटी

माझ्या नाकावर राग असतो, हे दुबईत अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधली मैत्रीण त्या दिवशी दारात येऊन जे बोलली, ते ऐकून मी भडकले नाही याचं श्रेय तिच्या हातातल्या गरम करंज्यांना.

"शनिवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये कीर्तन आहे," ती म्हणाली. "टाळ तुमचे, देव आमचा. भांडायचं असेल तरी या!"

ती नगरकडची ख्रिस्ती. तिचे वडील फेटा बांधून, टाळ-मृदंगाच्या साथीवर गावोगाव येशूचं कीर्तन करायचे. इथे धर्माची पत्रकं वाटता येत नाहीत, म्हणून ती ओळखीच्या मराठी घरांत तोंडीच निमंत्रण देत फिरत होती. वाक्य मुद्दाम डिवचणारं ठेवलं होतं. "नुसतं 'या' म्हटलं की कोणी येत नाही गं. चिडले की बरोबर येतात."

"म्हणजे आम्हाला बाटवायचा प्लॅन?"

"बाटवायचा नाही, पेटी वाजवायचा. आमचा कीबोर्डवाला म्हणतो, ये मुझसे नहीं होगा. तू गणपतीत भजनाला वाजवतेस ना? प्लीज यार."

मग ती आत येऊन बसली आणि खरं काय ते बोलली. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं, की त्यांचं कीर्तन त्यांच्याबरोबर संपू नये. पण चर्चच्या कमिटीत एक ज्येष्ठ काका होते, शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये कारखाना असलेले. ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आपल्या आजा-पणज्यांनी जे मागे सोडलं, ते तू परत आणतेस?" शेवटी एकदाच करायची परवानगी मिळाली. गडबड झाली तर खलास, पुन्हा विषय काढायचा नाही.

मी तीन करंज्या खाल्ल्या आणि हो म्हटलं.

"हात दाखवून अवलक्षण," नवरा म्हणाला. "आपल्या गणपती मंडळात कळलं तर?"

"कळू दे."

"मॉम, इज धिस ईव्हन अलाउड?" लेकीने विचारलं.

"चर्चच्या आत अलाउड आहे. तू होमवर्क कर."

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. निम्मे लोक आमच्या मंडळाचेच, हाताची घडी घालून बसलेले. पहिल्या रांगेत ते काका. मैत्रीण साध्या सुती साडीत उभी राहिली, खांद्यावर वडिलांचं उपरणं. मी पेटीमागे बसले आणि आधी दार कुठे आहे ते पाहून ठेवलं. आमच्या देवांविषयी एक वाकडा शब्द आला की पेटी उचलून चालू लागायचं, हे माझं ठरलेलं होतं.

तिने बायबलमधली, घर सोडून परदेशी गेलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट लावली. तिचा धाकटा दुबईला आला, उसनी गाडी घेऊन शेख झायेद रोडवरून फिरला, सगळं उडवून बसला. हॉल पोट धरून हसला. मग तो परत गेला, आणि बाप रस्त्यावर धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला, तेव्हा तेच लोक डोळ्यांना रुमाल लावून बसले. माझेही डोळे भरून आले. पेटी थांबवून पुसता येईनात.

"घरात पंगत बसलीये," ती म्हणाली, "आणि थोरला मुलगा बाहेर रुसून उभा. आत यायला तयार नाही. कोण आहे हा थोरला?"

मला वाटलं, आता आमच्याकडे बोट. मी भात्यावरचा हात आवळला. पण ती वळली आपल्याच माणसांच्या रांगांकडे. "आपणच की! घर बापाचं, आणि आत कोणी यायचं ते आपण ठरवतोय."

काकांनी मान ताठ केली. आमच्या मंडळींच्या हातांच्या घड्या मात्र सुटल्या. पुढच्या पदाला टाळ्यांचा असा ठेका धरला की तबलेवाला घामाघूम झाला. मी भांडायला आले होते, हे मी केव्हाच विसरले होते. मला फार मजा येत होती.

तिथेच घात झाला. कीर्तन संपलं की आरती, ही माझ्या बोटांची तीस वर्षांची सवय. शेवटचं पद झालं आणि बोटांनी मला न विचारता आमच्या आरतीची चाल धरली. आमचं मंडळ एका झटक्यात उभं राहिलं. टाळ्या सुरू. माझा नवरा सगळ्यात जोरात. एका बाईंनी तर पदर डोक्यावर घेऊन निरांजन कुठे आहे ते शोधायला सुरुवात केली.

मग मला मैत्रिणीचा चेहरा दिसला. पांढराफटक.

मी पेटी थांबवली. टाळ्याही विरल्या. "सॉरी," मी म्हटलं, आणि ते माइकमधून साऱ्या हॉलभर गेलं. काका उठून उभे राहिले. झालं, एवढं सगळं करून मीच तिच्या पप्पांच्या कीर्तनावर पाणी ओतलं.

"थांबलीस का?" काका मला म्हणाले. "आरती मध्येच सोडतात का?"

मग ते मैत्रिणीकडे वळले. "पोरी, आमच्या गावच्या कीर्तनातही शेवटी आरती व्हायची. येशूची. मी विसरलो होतो. तुला शब्द येतात?"

तिने होकाराची मान डोलावली. पण वडिलांच्या उपरण्याने ती डोळेच पुसत राहिली. तेव्हा काकांनीच फाटक्या आवाजात सुरुवात केली, दुसऱ्या ओळीला ती आली, आणि मी घाईघाईने भाता धरला. आमच्या आरतीची चाल त्या शब्दांना थोडी ओढावी लागली, पण बसली. आमच्या लोकांना शब्द येत नव्हते. त्यांनी टाळ्या सोडल्या नाहीत.

निघताना काका माझ्यापाशी थांबले. हसले वगैरे नाहीत. "पुढच्या वेळी पट्टी जरा खाली घे. माझा आवाज तिथे पोचत नाही."

मैत्रिणीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. पार्किंगमध्ये गाडीपाशी पोचेपर्यंत तिने मला तीनदा विचारलं, "'पुढच्या वेळी' म्हणाले ना ते?" तिन्ही वेळा मी हो म्हटलं, आणि एकदाही चिडले नाही.