ओल्या पायरीचा रंग

आमच्या कॉलनीत गेली सहा वर्षं एक गोष्ट खरी मानली जाते. आमच्या न्हाणीघराची फरशी मिस्त्र्यानं घसरडी बसवली, ढाळ बिघडवला, म्हणून माझी बायको पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ही गोष्ट मी सांगितलेली आहे आणि ती खोटी आहे. फरशी उत्तम बसवली होती. ढाळ असा होता की बादली सांडली तरी कोपऱ्यात पाणी राहत नसे. चूक रंगांची होती, आणि रंग मी ठरवले होते.

माझी नोकरी नकाशे काढण्यात गेली. माकणीला धरणाच्या कामावर बरीच वर्षं काढली, नंतर धाराशिवला बदली झाली आणि इथंच घर बांधलं. हात स्थिर आहे, नजर बारीक आहे, असं वरिष्ठ म्हणत, आणि मलाही ते पटलेलं होतं. निवृत्तीनंतर या नजरेला काही काम उरलं नाही. अशात पुण्याहून मुलाचा फोन आला की आईचे गुडघे दुखतात, तर न्हाणीघर नीट करून घ्या, कमोड बसवा, भिंतींना टाइल्स लावा. मी लगेच तयार झालो.

आमचं न्हाणीघर जुन्या पद्धतीचं होतं. पाणी बाहेर येऊ नये म्हणून बोळापेक्षा वीतभर खोल, त्यामुळं दारातच एक पायरी. खाली शहाबादी फरशी. त्यातल्या दोन फरश्या चांगल्या जाड होत्या. त्या घासून पायरीला वापरायच्या आणि बाकी सगळं न्हाणीघर त्या दगडाच्या रंगाला धरून करायचं, असं मी ठरवलं. मुलाच्या फ्लॅटमध्ये जमिनीपासून छतापर्यंत एकाच राखाडी रंगाचं न्हाणीघर पाहिलं होतं. ते मनात बसलं होतं.

बायकोला पांढऱ्या टाइल्स हव्या होत्या, मधून एक हिरवी ओळ. मी कागदावर माझी रंगसंगती काढून दाखवली. तिनं चष्मा लावून ती पाहिली.

"ढगात बसून अंघोळ करायची का आमी?" एवढंच ती म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

शहाबादीचा एक तुकडा पिशवीत घालून मी टाइल्सच्या दुकानात चार वेळा गेलो. तुकडा प्रत्येक टाइलशेजारी ठेवायचा, उजेडात न्यायचा, परत आणायचा. फरशी घेताय का सोयरीक जमवताय, असं दुकानदारानं चौथ्या वेळी विचारलं. शेवटी दगडापेक्षा किंचित गडद अशी एक राखाडी मिळाली. भिंतीला त्याच जातीची फिकी. मला ते जमलेलं वाटलं.

मिस्त्री पन्नाशीचे होते. टाइल्सच्या कामात त्यांचं नाव होतं. कॉलनीतल्या निम्म्या घरांची कामं त्यांनी केलेली. शुक्रवारी दुपारी नमाजाला जायचे आणि तासाभरात परत कामावर हजर. त्यांची एक पद्धत होती. माल आला की तो थेट बसवायचा नाही. आधी अंगणात सगळा मांडायचा, जसा आत येणार तसा, आणि मालकाला दाखवायचा. तसा त्यांनी मांडला. पायरीचा दगड, त्याला लागून फरशी, मागं भिंतीच्या टाइल्स. मी बघत उभा राहिलो. शेजारचे दोघंतिघंही आले. समोरच्या घरातले निवृत्त गुरुजीही होते. सगळ्यांनी वाहवा केली.

मग मिस्त्र्यांनी तांब्याभर पाणी आणलं आणि त्या मांडणीवर ओतलं.

"साहेब, दगड कोरडा बघून भागत न्हाय," ते म्हणाले. "न्हाणीत तो कवा कोरडा असतो?"

शहाबादी पाणी प्याली आणि काळवंडली. टाइल होती तशीच राहिली. दोघांचा रंग एक झाला.

"आता सांगा, पायरी कुठं संपली?"

मी वाकून पाहिलं, तरी कड सापडेना. त्यांनी शांतपणे पुढं सांगितलं की काकूंना मोतीबिंदू आहे, पायरीच्या कडेला चार बोटं पांढरी पट्टी टाकू, नाहीतर पायरीला पिवळा दगड घेऊ. बायको दारात उभी होती. तिनं मान डोलावली.

इथं मला खरं लिहायचं आहे. मिस्त्र्यांचं म्हणणं मला कळलं नव्हतं असं नाही. पुरतं कळलं होतं. पण ओल्या दगडाची आणि टाइलची रेघ नाहीशी झालेली पाहून मला ते जास्तच आवडलं होतं. त्यावर पांढरी पट्टी म्हणजे पुऱ्या झालेल्या नकाशावर शाई सांडल्यासारखी. आणि चार माणसांसमोर मिस्त्री मला रंग शिकवत होते, हेही होतं.

"तुम्ही बसवायचं बघा," मी म्हणालो. "रंगाचं मी बघतो."

ते "बरं" म्हणाले आणि टाइल्स पुसून गोळा करू लागले.

काम झाल्यावर लोक न्हाणीघर बघायला येत. मी दिवा लावून दाखवत असे. बायको आत जाताना आधी चौकट धरायची, मग पायानं चाचपायची. काही दिवसांनी तिनं औषधाच्या दुकानातून पांढरी चिकटपट्टी आणली, जखमेवर लावतात ती, आणि पायरीच्या कडेला आडवी चिकटवली. पाण्यानं तिच्या कडा मळल्या, एका बाजूनं ती उचकटली. मला ती दिसली की त्रास व्हायचा.

एका रविवारी मुलाकडचे पाहुणे येणार होते. सकाळी मी चाकूनं ती पट्टी खरवडून काढली, डाग पुसले. बायकोला सांगितलं नाही. पाहुणे आले, जेवले, न्हाणीघराचं कौतुक करून गेले. बुधवारी ती पडली.

सोलापूरच्या दवाखान्यात मुलानं विचारलं, कशानं पडली? मी म्हणालो, "फरशी घसरडी आहे. मिस्त्र्यानं ढाळ चुकवला." वाक्य तयार नव्हतं, ते आपोआप आलं. मुलानं तिथूनच मिस्त्र्यांना फोन करून वाट्टेल ते सुनावलं. मी समोर बसलो होतो. मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं आणि सांगता सांगता त्यात भर पडत गेली. बायको औषधाच्या गुंगीत होती. शुद्धीवर आल्यावरही पायरी दिसली नाही एवढंच ती म्हणायची. तिचं कुणी ऐकलं नाही.

आम्ही घरी आल्यावर मिस्त्री केळी घेऊन विचारपूस करायला आले. गुरुजींनी त्यांना फाटकातच अडवलं. लोकांचे पाय मोडून वर तोंड दाखवायला येता का, असं ते मोठ्यानं बोलले. मी आत खुर्चीत बसलो होतो. सगळं ऐकू येत होतं. मिस्त्री केळी फाटकाच्या खांबावर ठेवून गेले.

त्यानंतर आमच्या कॉलनीत त्यांना कुणी बोलावलं नाही. कॉलनीबाहेरही ही गोष्ट गेली. ते परंड्याकडं, सोनारीच्या बाजूला, खेड्यांतून गिलाव्याची कामं करतात असं कानावर आलं. टाइल्सचं काम सुटलं.

बायको आता वॉकर धरून चालते. गेल्या हिवाळ्यात एक दिवस मी तिला चिकटपट्टीचं सांगितलं. "मला वाटलं पाण्यानं सुटली," ती म्हणाली. पुढं दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना तिनं विचारलं, "मिस्त्र्याला सांगितलं का?"

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, काकूंची चौकशी केली. मी सगळं सांगितलं, पट्टीसकट. ते ऐकत होते आणि नखांतलं सिमेंट काढत होते.

"हे मला कशाला सांगताय, साहेब?" ते म्हणाले. "ढाळ बरोबर होता हे मला ठावं हायच की. ज्यांना ठावं न्हाय, त्यांना सांगा."

त्यांचा आवाज चढला नाही. दारापर्यंत सोडायला आले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींकडं गेलो. मिस्त्र्यांची काही चूक नव्हती, रंग मी निवडले होते, त्यांनी मला बजावलं होतं, असं म्हणालो. गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं मन मोठं आहे," ते म्हणाले. "नाहीतर दुसऱ्याचा दोष आजकाल कोण अंगावर घेतो?"

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तसंच म्हणाले. शिवाय आत वळून त्यांनी घरातल्यांना सांगितलं की बघा, माणूस असा असावा. तिथून मला चांगुलपणा घेऊन घरी येता आलं असतं. मिस्त्री होते तिथंच राहिले असते. मग मी चाकूचं सांगितलं. रविवारी काय केलं, बुधवारी काय झालं, दवाखान्यात पहिलं वाक्य कुणाचं होतं आणि मिस्त्री केळी घेऊन आले तेव्हा मी कुठं बसलो होतो.

गुरुजींनी हात काढून घेतला. त्यांची नजर त्यांच्या नव्या जिन्याकडं गेली. गेल्याच वर्षी त्यांनी वरचा मजला चढवला होता.

"या जिन्याच्या वेळी मिस्त्री आला होता काम मागायला," ते म्हणाले. "मी त्याला उभं केलं नाही."

कॉलनीत अजून अकरा घरं आहेत. प्रत्येक घरी जायला माझे पाय आता पुरत नाहीत, आणि तोंडी सांगितलं तर काय होतं ते मी पाहिलं आहे. म्हणून हे लिहिलं. याच्या प्रती काढून घरोघरी देणार आहे, आणि एक मिस्त्र्यांना. ती त्यांनी हव्या त्याला दाखवावी.