देवाच्या नावावरची सीट

सेबू बेटावरच्या मान्दावेच्या बाजारात बासिलिसा काबाहुगची, म्हणजे आमच्या बासिंगची, बिबिंगका खाल्ली नाही असा माणूस शोधून सापडला नसता. तांदळाच्या पिठात नारळाचं दूध आणि थोडी ताडी घालून केलेला हा केक. खाली निखारे, वर पत्र्यावरही निखारे, आणि मधल्यामध्ये तो बिचारा मुकाट्याने फुगत असतो. बासिंगचं दुकान म्हणजे एक टेबल, दोन चुली, तांबड्या मखमलीच्या झग्यातली बाळयेशूची, म्हणजे सान्तो निन्योची, हातभर मूर्ती आणि एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एका खुर्चीला तिचं वजन पेलत नसे. एकदा पेललं नव्हतं ते अख्ख्या बाजाराने पाहिलं होतं, आणि त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने हसली होती ती बासिंगच.

आमच्याकडे माणूस भेटला की आधी त्याच्या अंगाकडे बघतात आणि मग हालहवाल विचारतात. "काय गं, अजून सुटलीस!" हा आमचा नमस्कार. त्यात कुणाच्या पोटात पाप नसतं, असं आपण म्हणतो. म्हणायला काय जातं? शेजारच्या टेबलावर मेणबत्त्या विकणारी सत्तर वर्षांची उरबाना, जिला सगळे मानांग म्हणजे थोरली बहीण म्हणतात, ती वाळक्या काडीसारखी होती आणि जिभेने तिखट होती. रोज सकाळी तिचा नमस्कार ठरलेला.

"बासिंग, आज टेबल आटलं की तू वाढलीस?"

"मानांग, मी घरात शिरले की उंदीर बाहेर पडतात. मावायला नको का दोघांना?"

लोक हसायचे, बासिंग हसायची, आणि केक खपायचे. फक्त चॅपेलमध्ये ती विनोद करत नसे. तिथे खुर्च्या मोजक्या. दोन मागायच्या म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी उभं करायचं. म्हणून दर शुक्रवारी प्रार्थनेला ती मागे भिंतीला टेकून उभी राहायची. कुणी विचारलं तर सांगायची, "बसले की गुडघे धरतात गं माझे." आठ-नऊ वर्षं, म्हणजे नवरा तेओपिस्तो गेल्यापासून, ही थाप सुखाने चालली होती.

दोन वर्षांपूर्वी ती मुलीकडे मनिलाला विमानाने गेली होती. शेजारी एक तरुण होता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. तो काही बोलला नाही. बोलला असता तर तिने चार विनोद करून त्याला गार केलं असतं. तो नुसता खिडकीकडे सरकला, मग आणखी सरकला, मग सरकायला जागाच उरली नाही. बासिंगचा दंड त्याच्या दंडावर, मांडी त्याच्या मांडीवर. हवाईसुंदरीने सीटबेल्टला जोडायचा वाढीव पट्टा आणला तो नारिंगी रंगाचा, आणि तो हातात वर धरून सगळ्या लोकांमधून चालत आणला. उतरताना तो तरुण हात चोळत म्हणाला, "सॉरी हं, काकू." सॉरी त्याने का म्हणावं? बासिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर सगळ्यांना तिने विमानातल्या ढगांच्या गोष्टी सांगितल्या. त्या मुलाचं कुणाला सांगितलं नाही.

आता मुलीला, लुझमिंडाला, लग्नानंतर सात वर्षांनी बाळ झालं होतं. बाप्तिस्मा ठरला. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू नाही आलीस तर मी पोराला चर्चमध्ये नेणारच नाही."

तेव्हा बासिंगने मनाशी एक ठरवलं. कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्या चेरलिनच्या टपरीत ती भर दुपारी, बाजार पेंगत असताना गेली आणि खाली मान घालून म्हणाली, "मला शेजारशेजारच्या दोन सीट दे. दोन्ही माझ्याच." चेरलिन शहाणी पोरगी. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. कागद निघाला. त्यावर दोन ओळी होत्या. एका ओळीत काबाहुग, बासिलिसा. दुसरीत काबाहुग, एक्स्ट्रा सीट.

बासिंगने तो कागद ब्लाऊजमध्ये ठेवला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वाचायला चष्मा हवा म्हणून तिने तो टेबलावर ठेवला, चष्मा शोधायला वाकली, आणि वर येते तो कागद उरबानाच्या हातात.

"दोन सीट? दुसरं कोण गं? तेओपिस्तोला कबरीतून बाहेर काढतेस की काय?"

आजूबाजूच्या माना वळल्या. बासिंगला नेहमीसारखा विनोद सुचायला हवा होता. तिने तोंड उघडलं आणि नजर पडली मूर्तीवर.

"सान्तो निन्योसाठी," ती म्हणाली. "बाप्तिस्म्याला नेतेय त्याला. देवाला काय सुक्या मासळीबरोबर सामानात टाकू?"

उरबानाने कागद हळूच टेबलावर ठेवला. तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस केला. जी बाई वीस वर्षांत बासिंगशी एकदाही नीट बोलली नव्हती तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बासिंग," ती म्हणाली, "मी तुला ओळखलंच नव्हतं बघ."

झालं. संध्याकाळपर्यंत वस्तीत दुसरी बातमी नव्हती. आमच्या सेबूत देवाच्या त्या बाळरूपावर लोकांचा जीव. त्याला नवे कपडे शिवतात, त्याच्यापुढे नाचतात, पण त्याचं विमानाचं तिकीट कुणी काढलेलं नव्हतं. चॅपेलच्या बायकांनी नवा झगा शिवला, जरीच्या काठाचा. मग एकेक जणी यायला लागली. कुणाच्या नवऱ्याची दारू सुटू दे, कुणाच्या पोरीची परीक्षा. चिठ्ठ्या लिहून त्यांनी झग्याच्या आत खोचल्या. बासिंग प्रत्येकीला म्हणत होती, "अगं, राहू दे गं." बायकांना ती विनयशील वाटत होती. तिला वाटत होतं धरणीने पोटात घ्यावं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत आता लोकांची गाऱ्हाणी येऊन पडत होती.

आणि मग जायच्या दोन दिवस आधी उरबाना आनंदाने धापा टाकत आली. तिचा मुलगा मनिलाला जहाज कंपनीच्या दारात नोकरीसाठी बसून होता, त्याला भेटायचं कधीचं राहिलं होतं. "चेरलिनने मला अगदी देवाशेजारची जागा दिली! खिडकीत मी, मध्ये तो, कडेला तू."

बासिंगच्या हातातली पिठाची पळी तशीच राहिली.

विमानतळावर मूर्तीला तपासणीच्या यंत्रातून जावं लागलं. पहारेकऱ्याने आधी टोपी काढली, मग स्वतःचा रुमाल ट्रेमध्ये अंथरला आणि त्यावर देवाला आडवं केलं. विमानात उरबानाने मूर्ती मधल्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, झगा सारखा केला. बासिंग कडेच्या सीटवर बसली. बसली म्हणजे, सीटच्या दोन हातांच्या मध्ये घुसली.

मधला हात उचलला असता तर सगळा प्रश्न मिटला असता. त्यासाठीच तर ती सीट होती. तिच्या शेजारी पूर्ण एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी होती आणि त्या जागेवर हातभर देव बसला होता. अर्धं अंग वाटेत, अर्धं लोखंडात. खाण्याची ढकलगाडी आली आणि तिच्या खांद्याला अडली.

हवाईसुंदरी हळूच वाकली. "मॅडम, ही सीट तुमचीच आहे. मूर्ती वर ठेवू का? मधला हात उचलला की तुम्हाला आराम पडेल."

उरबाना पुढे झुकून ऐकत होती.

"नको, नको," बासिंग म्हणाली. "तिथे देव बसलाय."

"बघा!" उरबाना पुढच्या-मागच्या रांगांना ऐकू जाईल असं म्हणाली. "अंग चेचून घेतेय, पण देवाच्या जागेला हात लावत नाही. अशी भक्ती बघितलीत कधी?"

लोक बघायला लागले. दोन वर्षांपूर्वी नारिंगी पट्टा आला तेव्हा लोक ज्या नजरेने बघत होते ती ही नजर नव्हती. आदराची होती. बासिंगला वाटलं, त्यापेक्षा ती जुनीच बरी होती. तिथे निदान ती खोटारडी नव्हती. सव्वा तास तिने दात दाबून काढला. मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग उठला. नातवाला मांडीवर घेतलं तेव्हा तो ठणकला, आणि मुलीने विचारलं, "काय झालं गं?" तर ती म्हणाली, "काही नाही, टेबलाला आपटले."

परत येताना दोघी बोटीने आल्या. बासिंगनेच हट्ट धरला. बोटीवर रात्रभर मूर्ती तिच्या कुशीत होती. उरबानाच्या मुलाला नोकरी लागली नव्हती, पण आई आली म्हणून तो रडला होता, एवढ्यावर म्हातारी खूश होती.

शुक्रवारी चॅपेलमध्ये सगळ्या जमल्या. उरबानाने उभं राहून विमानातली सगळी कथा रंगवून सांगितली. तिच्या कथेत ढकलगाडी दोनदा आली. सुवार्ता सांगावी तसं ती बासिंगचं दुखणं सांगत होती. मग एकीने उरबानाकडून घेतलेला बोर्डिंग पासचा तुकडा वर धरला. काचेच्या चौकटीत बसवलेला. काबाहुग, एक्स्ट्रा सीट. "हा आपण वेदीशेजारी लावू या," ती म्हणाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "बासिंग, बोल गं काहीतरी!"

बासिंग नेहमीच्या जागी भिंतीला टेकून उभी होती. तिने त्या चौकटीकडे पाहिलं. आता दर शुक्रवारी ती तिथे असणार, आणि आपण इथे.

"ती लावू नका," ती म्हणाली. "ती जागा देवाची नव्हती. माझी होती. माझं ढुंगण एका सीटवर मावत नाही म्हणून मी दोन घेतल्या."

सवयीने कुणीतरी खुदकन हसलं. पण बासिंग हसत नव्हती, तेव्हा ते हसू तिथेच विझलं.

"मागच्या खेपेला एक पोरगा माझ्याखाली दबला होता. मला लाज वाटली. मानांगने विचारलं तेव्हाही लाज वाटली, आणि मी देवाचं नाव पुढे केलं. तुमच्या चिठ्ठ्या मी खोट्यावर नेल्या. बाजारात मी हसते ना, ते तुम्ही हसायच्या आधी हसते. आणि माझे गुडघे धरत नाहीत. धडधाकट आहेत. एका खुर्चीवर बसायची मला भीती वाटते."

एवढं बोलून तिने मान खाली घातली.

"म्हणजे विमानात," उरबाना सावकाश म्हणाली, "तो सगळा वेळ..."

"हो."

"आणि मी आपली सगळ्यांना ओरडून सांगत होते."

"हो, मानांग."

उरबानाने शेजारची रिकामी खुर्ची उचलून बासिंगसमोर मांडली. परत गेली. इतकी वर्षं पहिल्या रांगेत वापरून रंग उडालेली स्वतःची खुर्ची उचलली, गुडघ्यांनी लंगडत लंगडत आणली आणि त्या पहिल्या खुर्चीत घातली.

"बस," ती म्हणाली.

बासिंग बसली. तोंड भाजल्यासारखं जळत होतं, सगळ्यांच्या नजरा मानेवर जाणवत होत्या. लाज काही एका रात्रीत जात नसते. प्रार्थना सुरू झाली. ती संपेपर्यंत मागे वळून बघायची बासिंगची छाती झाली नाही, कारण मागे भिंतीला टेकून, आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर, उरबाना उभी होती.