हातावर तोललेला डबा

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये राहणाऱ्या शालिकराम बोरकरांनी पोलाद कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागात उभी हयात घालवली होती. मोटार असो वा ट्रान्सफॉर्मर, ज्यात तांबे-लोखंड भरपूर तेच यंत्र टिकते, हा त्यांचा सिद्धान्त. आणि यंत्राच्या पाटीवरचा आकडा म्हणजे वेदवाक्य. निवृत्तीनंतर घरात साधा पंखा आला, तरी ते तो आधी हातावर तोलून पाहत.

त्यांची मुलगी रेणू सासर सोडून परत आल्यापासून खोलीबाहेर फारशी पडत नसे. ताट आत जाई आणि अर्धेअधिक तसेच बाहेर येई. अशात रायपूरच्या एका वास्तुरचनाकाराने तिच्याकडून बंगल्याची संगणकीय चित्रे मागितली. सोमवारी पोचली आणि पसंत पडली, तर कायमचे काम. रेणूने बांगड्या मोडून अशी चित्रे काढायला संगणकात लागणारे जुने ग्राफिक्स कार्ड घेतले. त्याला वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय, तेवढा आणायचा उरला होता.

"बाबा, हेच नाव, हाच नंबर. हाताले हलका वाटन, तरी हाच आणजा."

"मले करंट शिकवून राहिली का तू?"

रेणू हसली. ते हसू कितीतरी महिन्यांनी पाहिलेले शालिकराम सायकल काढून सुपेल्याच्या बाजारात गेले.

रेणूने सांगितलेला डबा दुकानदार धर्मेंद्रने पुढे ठेवला. शालिकरामांनी तो तोलला आणि शेजारचा उचलला. तो विटेसारखा जड होता. वर आकडाही मोठा, साडेसातशे वॅट.

"काका, बिटिया ने जो बोला वही ले जाइए. उस पर साढ़े सात सौ बस लिखा है, देता नहीं है."

"प्लांट में पाटी झूठ नहीं बोलती थी."

"वो प्लांट था, काका. ये सुपेला है."

महाग माल गळ्यात मारण्याची ही युक्ती, असे मानून त्यांनी जड डबाच आणला.

रेणूने तो उलटसुलट पाहिला. "बाबा, हा नव्हता सांगितला."

"त्याच्याहून दमदार आहे. लाव तर खरं."

रविवारची संध्याकाळ होती, दुकान बंद झाले होते. आणि वाद घालणे रेणूने सासरीच सोडले होते. तिने डबा जोडला. चित्र अर्ध्यावर आले, तोच फट्कन आवाज होऊन जळका वास सुटला.

सोमवारी सकाळी धर्मेंद्रने दुसऱ्या डब्यावर कार्ड लावून पाहिले. ते मेले होते.

घरी येऊन शालिकरामांनी जळलेला डबा उघडला. आत तांब्याच्या तारेची बोटभर गुंडाळी, आणि तळाशी स्क्रूने आवळलेली लोखंडाची जाड पट्टी. तिला एकही तार जोडलेली नव्हती. ती केवळ वजनासाठी होती.

ते पट्टी हातात घेऊन रेणूच्या दाराशी उभे राहिले.

"तुमी जेवून घ्या, बाबा," आतून रेणू म्हणाली.

आवाजात राग नव्हता.

त्यांच्या पत्नीने, नलूने, ताट आत नेले. ते तसेच बाहेर आले.