काठमांडूचं कुत्रं आणि कोल्हापूरचं मावंदं

माझ्या सासूबाईंना कुत्रं चावलं काठमांडूत, आणि ते आम्हाला कळलं कोल्हापुरात, नऊ दिवसांनी. कळलं म्हणजे काय, मी पकडलं. त्या आपण होऊन सांगणाऱ्यातल्या नव्हत्याच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बायका आणि त्यांचे चार-पाच नवरे अशी एक बस भरून काशी, गया आणि नेपाळच्या यात्रेला गेली. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, आमच्याकडं सुना तसंच म्हणतात. आत्या त्या बसमध्ये सगळ्यात पुढच्या सीटवर. साठी ओलांडलेली, पण बाई ठणठणीत, आणि तोंड असं की गवळी आमच्या दारात दुधात पाणी घालायला भ्यायचा. "नेपाळ म्हंजे फॉरिनच की," असं महिनाभर आधीपासून गल्लीत सांगणं चालू होतं. तिथं जायला पासपोर्ट लागत नाही असं मी एकदा बोलून बसले, तर चार दिवस माझ्याशी अबोला.

काशी करून माणूस घरी आलं की उंबऱ्याबाहेर त्याचे पाय धुवायचे ही आमच्याकडची रीत. मग दोन-चार दिवसांत मावंदं घालायचं, म्हणजे आणलेल्या गंगेची पूजा करून भाऊबंदांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवू घालायचं. मावंदं झालं की यात्रा पुरी झाली. तोवर ती अर्धीच धरतात.

बस सकाळी आली. मी परात, गरम पाण्याचा तांब्या, हळदीकुंकू घेऊन दारात बसले. आत्यांनी उजवा पाय परातीत ठेवला. डावा काही देईनात.

"एकच बास. दमलोय समदी," म्हणाल्या.

"एक पाय काशीला गेला आणि दुसरा घरी राहिला होता का?" असं म्हणून मी हसत हसत घोटा धरून पाय ओढला, तशी साडी वर सरकली. पोटरीवर चार भोकं होती, त्यातली दोन चांगली खोल. भोवतीनं काळंलाल काहीतरी वाळून धरलेलं. मला आधी वाटलं रक्त आहे. बोट लावून बघितलं तर चटणी. आमच्या घरची कांदा-लसणाची चटणी, जी मीच बरणीत दाबून दाबून भरून दिली होती.

"तार लागली बसची," आत्या म्हणाल्या.

"तारेला दात असतात का आत्या?"

पाय धुवून झाल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, दाराला कडी लावली आणि मग सांगितलं. काठमांडूतल्या त्यांच्या धर्मशाळेसमोर एक बदामी रंगाचं, फाटक्या कानाचं कुत्रं बसायचं. आत्यांनी त्याला उरलेली दशमी टाकली, दुसरं कुत्रं ती घ्यायला धावलं, आणि पहिल्यानं दुसऱ्याला सोडून आत्यांची पोटरी धरली. सोबतच्या बायका तोवर बसमध्ये चढल्या होत्या, त्यामुळं कुणी बघितलं नाही. आत्यांनी तिथंच एका कोपऱ्यात बसून जखमेत चटणी आणि तंबाखूबरोबरचा चुना भरला, वरनं रुमाल बांधला आणि गाडीत येऊन भजन म्हणायला लागल्या.

"आन सांगितलं असतं तर? मला दवाखान्यात घालून समदी फुडं गेली असती," त्या म्हणाल्या. "आन यात्रंत कुत्रं चावलं म्हंजे लोक काय म्हनत्यात ठावं हाय? बाईनं कायतरी पाप केलं आसंल, देवानं दारात घेतली न्हाय, आसं म्हनत्यात. मावंद्याला तीन दीस ऱ्हायल्यात. तंवर तोंडातनं ब्र काडायचा न्हाय. पोराला बी न्हाय सांगायचं. तुला माजी शपत हाय."

आता मी मुळात तापट. शाळेत शिकवायचे, तिथं हेडमास्तरांशी माझं महिन्यातनं एकदा तरी वाजायचंच. रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी, कुणाशी भांडायला मी मागं नाही. पण आत्यांच्या त्या शपथेपुढं माझ्या तोंडाला कुलूप बसलं. कुत्रं चावल्यावर काय होतं हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. कुरुंदवाडकडच्या माझ्या माहेरच्या गावात एक माणूस पिसाळलेलं कुत्रं चावून गेलेला मी लहानपणी ऐकला होता. पाणी बघितलं की तो कसा करायचा ते मोठी माणसं हळू आवाजात सांगायची, आणि आम्ही पोरं दाराआडनं ऐकायचो.

तरी मी तीन दिवस गप्प बसले. खरं सांगायचं तर शपथेपेक्षा मी आत्यांनाच भ्याले. मावंदं मोडलं असतं तर जन्मभर माझ्या नावानं खडे फोडले असते. त्या दिवशी मी एवढंच केलं, मोरीत नेऊन साबणानं ती जखम खसाखसा धुतली. दात आवळून बसल्या होत्या, पण डोळ्यांतनं पाणी येत होतं. नऊ दिवसांनी धुवून काय उपयोग, हे मला धुतानाही कळत होतं.

मावंद्याला शंभरावर पानं उठली. पुरण वाटताना, पोळ्या लाटताना माझं एकच चाललेलं, आज दहावा, आज अकरावा, आज बारावा. आत्या नव्या साडीत गंगेच्या गडूसमोर बसल्या होत्या आणि गल्लीतली माणसं येऊन त्यांच्या पाया पडत होती. ज्या पायावर डोकी टेकत होती त्याच पायाला मी सकाळी पट्टी बांधली होती. एवढं पुरण केलं, पण मला एक घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला सांगितलं. ते ऐकून हे मटकन खालीच बसले. मग दोघांनी मिळून आत्यांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं, त्या मधे, मी मागं, म्हणजे उतरून पळायला नको.

डॉक्टरांनी जखम बघितली. "काय लावलं होतं?"

"चटणी," मी म्हणाले.

"कसली चटणी?"

"कांदा-लसणाची. आणि चुना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द लागत होता. कुत्रं चावलं की पहिल्यांदा वाहत्या पाण्याखाली साबण लावून चांगली पंधरा मिनिटं धुवायचं. चटणी नाही, चुना नाही, हळद नाही, पट्टी आवळायची नाही. आणि ज्या गावात चावलं त्याच गावात, त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन घ्यायचं. मुलूख परका आहे, भाषा येत नाही, गाडी सुटेल, काही असो. सुरुवात तिथं करायची, कागद लिहून घ्यायचा, बाकीची घरी येऊन घेता येतात. "घरी गेल्यावर बघू म्हणणारी माणसंच यात जातात," म्हणाले.

आत्यांनी पोटावर हात घट्ट धरला होता. पोटात चौदा सुया घेतात एवढंच त्यांना माहीत. डॉक्टरांनी सांगितलं की आता दंडात घेतात, पाच. आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. शिवाय जखमेभोवती एक वेगळं औषध टोचायचं होतं, ते इथं मिळेना, मिरजेहून मागवावं लागलं.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळी," मी म्हणाले.

माझ्या तोंडातनं ते कसं गेलं मला अजून कळत नाही. आत्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि नजर भिंतीकडं वळवली.

"आणि कुत्रं? ते जिवंत आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

हा प्रश्न पुढं महिनाभर आम्हाला सगळ्यांनी विचारला. चावल्यावर दहा दिवस कुत्रं नीट राहिलं तर भ्यायचं कारण नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. कुत्रं कोल्हापूरचं असतं तर रोज भाकरी घालून त्याच्यावर नजर ठेवली असती. हे बसलं होतं काठमांडूत. यात्रेच्या कागदावर धर्मशाळेचा नंबर होता. मी बूथवर जाऊन फोन लावला. तीनदा तुटला, चौथ्यांदा तिथला मॅनेजर बोलला.

बदामी रंगाचं, एका कानाला फाटलेलं, मी माझ्या शाळेतल्या हिंदीत सांगितलं.

"बहनजी, यहाँ तो सबके कान फटे हैं," तो म्हणाला.

मी रडकुंडीला आले. त्याला माझी दया आली असावी, बघून ठेवतो म्हणाला. दोन दिवसांनी परत लावला. दोन-तीन बदामी कुत्री आहेत, पण दारात बसायचं ते हल्ली दिसत नाही, असं त्यानं सांगितलं. मेलं, का पालिकेनं नेलं, का दुसऱ्या गल्लीत गेलं, हे त्याला सांगता येईना. घरी आल्यावर मी आत्यांना खोटंच सांगितलं, आहे म्हणतात, चांगलं खातंय. त्यांचा विश्वास बसला का नाही, देव जाणे.

बातमी फुटलीच. बायका सल्ले घेऊन येऊ लागल्या. सात विहिरींत वाकून बघायचं, म्हणजे विष उतरतं. शाहूवाडीकडं एक म्हातारा पाला देतो, तो घ्यायचा. रोग रेड्याला अन् औषध पखालीला. यांनी आईच्या समाधानासाठी तिला स्कूटरवर घेऊन विहिरी शोधल्या. चारच सापडल्या, त्यातल्या दोन कचऱ्यानं भरलेल्या. पाल्यासाठी मात्र मी जाऊ दिलं नाही. इंजेक्शनचा एक दिवस मी चुकू दिला नाही, शाळा बुडवली पण चुकू दिला नाही.

पाचवं इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता, तरी आता बहुतेक धोका नाही. पण काही महिने लक्ष ठेवा. त्या "बहुतेक"नं माझी झोप उडवली. पाण्याला भ्यायला लागतात, ते पहिलं लक्षण, एवढं मला पक्कं ठाऊक. मग माझा तो एक नादच झाला. आत्या पाणी प्यायला लागल्या की मी हातातलं काम टाकून बघायचे. घसा हलतो का, घोट उतरतो का, तोंड वाकडं होतं का. दिवसातनं दहा वेळा.

आणखी एक गोष्ट केली, ती सांगायची लाज वाटते. त्यांचा पाण्याचा तांब्या मी वेगळा ठेवायला लागले, खिडकीत. भांड्यानं काही होत नाही असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. तरी माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची, आणि आजीच्या तांब्याला तोंड लावायची तिला सवय. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तांब्या खिडकीत गेला एवढंच.

उन्हाळा लागला होता. एका दुपारी आत्या पलंगावर बसल्या होत्या, मी तांब्या भरून दिला. त्यांनी हातानं बाजूला सारला.

"नगं."

"का?"

"गिळवंना."

"प्या," मी म्हणाले.

"आगं नगं म्हनतोय न्हवं."

"प्या म्हणते ना," मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. आदल्या दिवशी कैऱ्या खाऊन घसा धरला होता, एवढंच होतं ते, पण मला तेव्हा काही सुचत नव्हतं. आत्यांनी तांब्या उचलला आणि माझ्या डोळ्यांत बघत बघत, एकेक घोट दुखत गिळत, सगळा तांब्या संपवला.

मग म्हणाल्या, "रोज बघतीस. घोट मोजतीस माजं. मी मरायची वाट बघतीस व्हय ग?"

मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले. सगळं बोलून टाकलं. तीन दिवस गप्प बसले ते, डॉक्टरांशी खोटं बोलले ते, काठमांडूचं ते कुत्रं दिसत नाही ते. म्हणाले, तुम्हाला काही झालं असतं तर मीच मारलं असतं तुम्हाला. मला रोज तेच वाटतंय, दुसरं काही नाही.

आत्या ऐकून घेत होत्या. "शपत मीच घातलती," म्हणाल्या. "त्येचा गुन्हा तुज्यावर कशाला?" मग उठल्या, माठातनं तांब्या भरला, त्याला तोंड लावून एक घोट घेतला आणि तो तांब्या माझ्यापुढं धरला.

"पी. रडून घसा सुकला आसंल."

मी प्यायले, सगळा प्यायले. पण हात पुढं करायला मला जरा वेळ लागला, आणि तेवढा वेळ त्या माझ्या हाताकडं बघत होत्या.

त्यानंतर आत्या बारा वर्षं जगल्या, धडधाकट, तोंड होतं तसंच. ती गोष्ट आमच्यात परत कधी निघाली नाही. त्यांचा तांब्या मी त्याच संध्याकाळी बाकीच्या भांड्यांत नेऊन ठेवला. सकाळी बघते तर त्यांनी तो उचलून परत खिडकीत ठेवलेला. मी बारा वर्षं तो आत आणत राहिले, आणि त्या खिडकीत नेऊन ठेवत राहिल्या.