गव्हाच्या लोंब्या घेतलेली देवी

पुतळा माझ्या नवऱ्याच्या छातीवर होता आणि घण हातात असून कोणी मारत नव्हतं. ट्रॉलीत चढवताना दोर निसटला. सिमेंटची बाई आडवी झाली, ते खाली सापडले. तिचा लांब केलेला हात ट्रॉलीच्या चाकात अडकला होता. हात तोडल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"अक्का, तिले कुंकू लायेल शे," हमाल म्हणाला. "खंडित करसूत ते पाप लागी."

धुळ्यात आमचा सिमेंटच्या कुंड्या, सिंह, हंस करायचा धंदा होता. शिरपूरच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याला बंगल्याच्या बागेसाठी ग्रीस देशातली देवी हवी होती. त्याने परदेशी कॅलेंडरवरचं चित्र आणून दिलं. तिचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. हातात गव्हाच्या लोंब्या होत्या, तेवढं लक्षात आहे.

श्रावण होता. आमच्या खानदेशच्या कानबाई देवीचा नैवेद्याचा रोट गव्हाचाच, त्यामुळे गल्लीतल्या बाया अंगणात आल्या आणि हळदीकुंकू लावून गेल्या. मी म्हटलं, "अगं, ही बगिच्यातली शोभेची बाई शे." एक म्हातारी माझ्यावरच उखडली, "हातमा गहू शेतस, मंग कानबाई नही ते कोण शे? तुनी सासू?" बाकीच्या हसल्या. त्यांनी तिची ओटी भरली. मी माझ्या कामाला लागले.

आता नवऱ्याचे ओठ काळे पडत होते. आवाज येत नव्हता. हमाल देवीच्या पाया पडत होता.

"हाई सिमिट मी कालवेल शे," मी ओरडले. "घण आठे दे!"

पहिला घाव निसटला. दुसऱ्याला खपली उडाली, आतली सळई दिसली. मी मारत राहिले. सळई वाकली तसा हात सुटला, मग सगळे धावले. त्यांनी पुतळा उचलून बाजूला टाकला आणि त्याच ट्रॉलीतून आम्ही दवाखान्यात गेलो.

बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टर काही सांगत नव्हते. गल्लीतल्या बाया डबा घेऊन यायच्या आणि जिन्यात कुजबुजायच्या, देवीवर घाव घातला, आता कोणाला नेते बघा. मला ऐकू यायचं. मी खाटेजवळ बसून नवऱ्याचा श्वास बघत राहायची. जरा थांबल्यासारखा वाटला की नाकापुढे हात धरायची. माझ्या छातीत धडधडलं तरी वाटायचं, आता माझी पाळी.

नवरा जगला. घण मारणारी मीही जगले.